काट्याजवळचे बाबा

बाबा गेले त्या सकाळी मी नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लावत होते. मी वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुणी कुठं जायचं, हे माईकवरून सांगणं हे माझं बावीस वर्षांचं काम. "लोहा, अहमदपूर मार्गे लातूरला जाणारी गाडी..." एवढं म्हणून झालं आणि टेबलावरचा मोबाईल थरथरला. मिस्टरांचा फोन होता. ड्युटीच्या वेळेत ते कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "नंदा, बाबा गेले. आत्ताच. चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली." मी "बरं, येते" म्हणाले, फोन ठेवला, बटण दाबलं आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं... "फलाट क्रमांक चारवर उभी आहे." मग शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात माईक दिला आणि ऑटो धरला. हे वाचून कुणाला मी दगडाच्या काळजाची वाटले तर वाटू द्या. बाबांनी स्वतः आयुष्यात कधी काट्यावरचा अर्धा तोल टाकून जागा सोडली नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं भरपूर आली, लातूरहूनही आली. बहुतेकजण एकच वाक्य बोलत होते, "सुटले बिचारे." हृदय कमजोर, त्यात स्मृतिभ्रंश, वय एक्याऐंशी... म्हणजे सुटले. लोक चांगल्या मनानं बोलतात हे मला कळतं. पण प्रत्येक वेळी माझं डोकं सणकत होतं. शेवटी एका दूरच्या मावशीला मी तिथंच विचारलं, "मावशी, कशातून सुटले?" ती गडबडली. मिस्टरांनी मला आत बोलावून घेतलं. त्या मावशीला आणि बाकीच्यांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता सांगते. बाबा सुटले वगैरे नाहीत. दोन दुखण्यांच्या मधोमध उभं राहून ते शेवटपर्यंत कामावर होते, आणि त्यांना कामावर ठेवायचं हा माझा हट्ट होता.

बाबा लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. आडतीवर शेतकऱ्याचा माल येतो, सौदा होतो, आणि मग तो माल तोलतो तो मापाडी. आमच्या वस्तीतून मापाड्याचं लायसन मिळालेले ते पहिले. त्याआधी त्यांनी काही वर्षं हमाली केली होती, पोती वाहिली होती. बुटका माणूस, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल आणि आवाज असा की तीन आडती पलीकडे आकडा ऐकू जावा. आमच्या घरात हळू बोलणं कुणालाच जमत नाही, त्याचं मूळ तिथं आहे. मी शाळेतून डबा द्यायला जायची तेव्हा तुरीच्या ढिगाजवळ बसून त्यांना बघत राहायची. काट्याच्या एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला खरेदीदाराचा माणूस, मधे बाबा. कुणाचा हात, पाय, धोतराचा सोगासुद्धा काट्याला लागलेला त्यांना चालत नसे. पहिल्या पोत्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन, चार. रिकामं बारदान, म्हणजे नुसतं पोतं, आधी वेगळं तोलायचे आणि तेवढंच वजा करायचे. खरेदीदाराची माणसं त्यांच्या मागे लागायची, थोडं जास्त कापा म्हणून. बाबा पेन्सिल कानावरून काढायचे, खिशात घालायचे आणि खाली बसायचे. तोल बंद. मग सगळ्यांची धांदल उडायची.

त्यांचा आणखी एक नियम होता. शेतकरी म्हणाला "मापाडी, पुन्हा तोला," तर पुन्हा तोलायचं. कितीही वेळा. कपाळाला आठी न घालता. एकदा एक म्हातारा शेतकरी एकाच पोत्यासाठी चार वेळा पुन्हा तोला म्हणाला, आणि चारही वेळा आकडा तोच आला. हमाल वैतागले. मी तेव्हा सहावीत असेन. घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुम्हाला राग न्हाई आला?" तर म्हणाले, "माल त्याचा हाय, माय. मला राग यायला मी कोण?" हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरून गेले.

आई जाऊन दोनेक वर्षं झाली तेव्हा बाबांचं हृदय थकलं. त्याआधी एक झटका येऊन गेला होता, त्यातून ते सावरले होते, पण हळूहळू पाय सुजायला लागले, जिना चढताना मधे थांबायला लागले, रात्री दोन-तीन उशा लागायला लागल्या. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलेलं नाही, पण पंप कमजोर झालाय, अंगात पाणी साठतं. गोळ्या सुरू झाल्या. माझा धाकटा भाऊ मिलिंद लातूरला असतो, बाबा त्याच्याकडेच होते. एक दिवस सकाळी ते घरात नव्हते. मिलिंद आणि त्याची बायको गल्ली-गल्ली फिरले. बाबा मोंढ्यात सापडले. रिटायर होऊन चौदा वर्षं झालेली, आता तिथं सगळे इलेक्ट्रॉनिक काटे, आणि बाबा एका अनोळखी आडतीवर उभं राहून पोरांना दटावत होते, पाय काढ, पाय काढ म्हणून. पायात चप्पल नव्हती. आडत्यानं ओळखलं, चहा पाजला, बसवून ठेवलं, म्हणून बरं.

मी रजा टाकून लातूरला गेले. मिलिंदचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघंही सकाळी कामाला जाणारे. मी म्हणाले, बाबा माझ्याकडे येतील. "अक्का, तुझी ड्युटी कशी असते माहीत हाय का तुला?" असं तोच मला विचारत होता. मी म्हणाले, "ड्युटी माझी हाय तर मलाच माहीत असणार." माझ्या मिस्टरांचं झेरॉक्सचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे, ते दिवसभर घरी असतात, आणि माणूस शांत आहे. आमच्या दोघांत एक शांत असणं पुरतं. त्यांना न विचारता मी हे ठरवून टाकलं होतं. त्यांनी नांदेडला आल्यावर फक्त एवढंच विचारलं, की बाबांची खुर्ची दुकानाच्या बाजूला लावू की गॅलरीत.

नांदेडच्या डॉक्टरांनी बाबांची स्मरणशक्ती तपासली. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या गावात आहोत... बाबा खाली बघत राहिले. मग डॉक्टर म्हणाले, "आजोबा, शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात, असं करत जा." बाबांनी मान वर केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न... डॉक्टरांनी थांबा म्हणेपर्यंत थांबले नाहीत. डॉक्टर हसले, माझ्याकडे बघून म्हणाले, हे मी पहिल्यांदा बघतोय. आणि बाहेर पडताना बाबांनी मला विचारलं, "तुझी माय कुठं थांबलीय?" मी औषधांच्या दुकानासमोर उभी राहून, चिठ्ठी वाचायचं नाटक करत, रडून घेतलं.

दोन दुखणी एका घरात आली की ती एकमेकांशी भांडतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हृदयाचे डॉक्टर म्हणतात दिवसाला एवढंच पाणी, मीठ कमी. आणि स्मृतिभ्रंश झालेला माणूस पाणी पितो आणि पाच मिनिटांत म्हणतो, सकाळपासून घोटभर पाणी दिलं नाही मला. खोटं बोलत नाही तो, त्याला तसंच वाटतं. बाबा माझ्यासमोर शेजारणीला सांगायचे, "या घरात पाण्याचा दुष्काळ हाय." ती बिचारी दुसऱ्या दिवशी तांब्या भरून घेऊन आली. मी दिवसाचं पाणी सकाळीच मोजून एका छोट्या कळशीत भरायला लागले, लहान फुलपात्र ठेवलं, कळशी त्यांच्याच ताब्यात दिली. आपल्या ताब्यातलं पाणी ते जपून प्यायचे. ठेच्याचं मात्र जमलं नाही. बिनमिठाचा ठेचा त्यांनी एकदा तोंडात घातला, माझ्याकडे बघितलं आणि ताट सरकवलं. मग आम्ही तिघांनीही घरात ठेचा बंद केला. मिस्टर अजून अधूनमधून त्याची आठवण काढतात.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, ते पाणी. लगेच फोन करायचा. मी त्याच संध्याकाळी आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. बाबांनी तो उलटा करून बघितला. "याचा काटा कुठाय?" मी सांगितलं आकडा आपोआप येतो. "आपोआप आलेला आकडा कुणाच्या जिम्मेदारीचा?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी वजिराबादच्या बाजारातून गोल तबकडीचा, काटा फिरणारा वजनकाटा आणला. तो बघून त्यांचे हात लगेच कामाला लागले. फरशी कुठं सपाट आहे ते बघितलं, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली, काटा शून्यावर आणला, पायानं दाबून सोडला, पुन्हा शून्य बघितलं. आणि सकाळी सहा वाजता, दिवस कोणता ते माहीत नसलेला, बायको वारली हे लक्षात नसलेला माझा बाप त्या काट्यावर चढला आणि गल्ली जागी होईल अशा आवाजात ओरडला, "बासष्ट. लिहा." मी स्वयंपाकघरातून कॅलेंडरवर लिहिलं. तेव्हापासून रोज हेच. सहाला पाच कमी असताना ते अंघोळीआधीच तयार होऊन बसायचे. डॉक्टरांनी सांगितलेलं काम म्हणून नाही, आपलं काम म्हणून. आठ-नऊ महिने इतके सुरळीत गेले की मी जरा शेफारले. लोकांना सांगत सुटले, आमच्या बाबांना सगळं विसरायला झालंय पण वजनात चूक नाही.

आणि चूक तिथंच झाली. ती माझी. कॅलेंडरवर सलग आठवडाभर बासष्ट, एकसष्ट, बासष्ट असं चाललेलं. बाबांना धाप लागत होती, पण थंडी होती, मला वाटलं थंडीनं असेल. पायात लोकरीचे मोजे होते, सूज दिसत नव्हती. एका सकाळी गॅलरीतून मोरीपर्यंत जाताना ते भिंतीला धरून खाली बसले आणि ओठ काळेनिळे पडले. दवाखान्यात सिस्टरनं त्यांना काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, साडेसहासष्ट. मी तिच्या अंगावर गेले. "तुमचा काटा बिघडलाय. माझ्या बाबांनी सकाळी तोललंय, बासष्ट भरलंय." तिनं बाबांचा मोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. माझ्या बापापेक्षा दवाखान्याचा काटा खरा असू शकतो हे पचायला मला पुरा दिवस लागला.

सहा दिवसांनी घरी आणलं. पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात न थांबता दाराआड उभी राहिले. बाबा काट्यावर चढले. खाली वाकून बघितलं. ओठ हलले. पुटपुटले, "बारदान वजा..." मग पुन्हा खाली बघितलं, पुन्हा ओठ हलले, "बारदान वजा..." असं तीनदा. आणि मग मोठ्यानं आकडा सांगितला, दवाखान्यातून निघतानाच्या वजनापेक्षा तीन किलो कमी. म्हणजे अंगावरचे कपडे हे बारदान, ते कापायचं हे बरोबरच. पण एकदा कापलेलं त्यांना आठवत नव्हतं. दर वेळी ते नव्यानं इमानदारीत कापत होते. जो माणूस खरेदीदाराला मूठभर जास्त कापू देत नव्हता तो स्वतःच्याच वजनातून रोज किलोकिलो कापत होता, आणि मी ते खुशाल लिहून घेत होते. दारामागं मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

मिलिंद म्हणाला, "अक्का, बाबांकडून ते काम काढून घे. तू स्वतः बघ आणि लिही." डॉक्टरही तेच म्हणाले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी तसं केलं. दुसऱ्या दिवशी बाबा काट्यावर उभे असताना मी वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, "बाबा, चुकलात. चौसष्ट हाय." ते खाली उतरले. पेन्सिलीसाठी कानावर हात गेला, तिथं पेन्सिल नव्हती... हात तसाच राहिला. त्यानंतर पाच दिवस ते काट्यावर चढले नाहीत. मी ओढलं, समजावलं, ओरडले. हो, ओरडले. बसस्थानकावरचा आवाज घरात काढला. ते सोफ्याच्या कडेला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायचे, जेवायला वाढलं तर "कामावर नसलेल्याला कशाला वाढता" म्हणायचे. आता माझ्यासमोर उघड पेच होता. वजन कळलं नाही तर पाणी पुन्हा साठणार, पुन्हा दवाखाना, आणि पुढच्या वेळी ते परत येतील याची खात्री नाही. आणि वजन माझ्या हातात घेतलं तर हृदय चालू राहील, पण हा माणूस रोज थोडा थोडा विझणार. मला दोन्ही पाहिजे होतं. मी कुणाला तसं बोलले नाही, बोलले असते तर सगळ्यांनी एकच समजावलं असतं, की अक्का, दोन्ही मिळत नसतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. डोकं दुसरीकडेच. आणि कसं कोण जाणे, तो चार वेळा पुन्हा तोला म्हणणारा म्हातारा आठवला. तवा उतरवला, हात पुसले, पदर खोचला आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. मुलगी म्हणून नाही. "मापाडी," मी म्हणाले, "माझा माल येऊन पडलाय. तोलून द्या." त्यांनी बघितलं माझ्याकडे. मग उठले, पुठ्ठ्याची घडी नीट केली, शून्य बघितलं आणि काट्यावर चढले. "एकसष्ट." मी तबकडीकडे बघितलं, चौसष्ट. हात जोडून म्हणाले, "मापाडी, पुन्हा तोला. बारदान आधीच कापून झालंय." त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. उतरले, पुन्हा चढले, काटा थांबेपर्यंत थांबले. "चौसष्ट," म्हणाले, "बराबर हाय का, पाटील?" मी म्हणाले, बराबर हाय. "लिहा मग."

त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला मी शेतकरी आणि ते मापाडी. कधी एकदा पुन्हा तोला म्हणावं लागे, कधी तीनदा. एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. आकडा त्यांच्याच तोंडून यायचा, आणि खरा यायचा. वजन चढलं की मी डॉक्टरांना फोन करायची, ते पाण्याची गोळी वाढवायचे, दोन दिवसांत काटा खाली. पुढं सव्वा वर्ष बाबांना एकदाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसं काय जमवता? मी सांगितलं, आमच्यात भांडण मिटलंय. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे.

हे सगळं गोड गोड होतं असं कुणी समजू नये. याच सव्वा वर्षात ते माझं नाव विसरले. आधी मी नंदा होते, मग आई झाले, मग कुणीच नाही, सकाळी सहापुरती पाटील. संध्याकाळ झाली की घरी जायचं म्हणून दार वाजवायचे. कपडे खराब व्हायचे. एकदा त्यांनी मला ढकललं, एकदा मी त्यांच्या हातातून ताट हिसकावून घेतलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. काही दिवस असे होते की ड्युटीवर जायला मिळतं म्हणून मी खूश असायची. बसस्थानकाच्या गोंधळात मला विसावा वाटायचा. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी हे वाचून स्वतःला माफ करावं म्हणून लिहिते, दुसरं कारण नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी हृदय झपाट्यानं खचलं. गोळ्या वाढवल्या तर मूत्रपिंड तक्रार करायला लागलं, कमी केल्या तर पाणी. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, आयसीयूत ठेवून काही दिवस वाढवता येतील, पण तिथं हे नळ्या ओढून काढतील, मग हात बांधावे लागतील. मिलिंद लातूरहून आला होता. त्याचं म्हणणं होतं, ठेवू या, शक्य ते सगळं करू. मी म्हणाले, "बाबांचे हात बांधलेले मला चालणार न्हाईत." तो चिडला, म्हणाला, "तू एकटीच लेक हायस का त्यांची?" आम्ही डॉक्टरांच्या केबिनबाहेर, लोक बघत असताना, चांगले भांडलो. मग मी त्याला म्हणाले, उद्या सकाळी सहाला उठ आणि बघ, नंतर तू म्हणशील तसं. तो उठला. बाबांना आता धरून उभं करावं लागत होतं, तरी त्यांनी शून्य बघितलं, आकडा सांगितला, मी पुन्हा तोला म्हणाले आणि त्यांनी पुन्हा तोललं. मिलिंद भिंतीला टेकून बघत होता. नंतर मोरीत जाऊन तोंड धुऊन आला आणि बायकोला फोन करून म्हणाला, मी आठ दिवस इथंच राहतोय.

बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. बाबांना उभं राहता येईना. मिलिंदनं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं धरलं, पण पाय टेकेनात. मी म्हणाले, "राहू द्या मापाडी, आज तोल बंद." ते खुर्चीत बसले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि त्यांनी बोटानं मला काट्याकडे दाखवलं. मला आधी समजलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं, माझ्याकडे, मग काट्याकडे. मी चढले. ते खुर्चीतून पुढं वाकले, तबकडीजवळ तोंड नेलं, काटा थांबेपर्यंत थांबले. "सेहेचाळीस," म्हणाले. मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं ते पोतं बघून अंदाज घ्यायचे. "या मापात छप्पन्न-सत्तावन्न बसतंय. दहा किलोची घट. लई घट आली..." माझ्याकडून नजर काढून ते मिलिंदकडे वळले. तो त्यांना आडतीवरचा कुणी हमाल वाटत असावा. त्याला म्हणाले, "ही बाई कुणाची हाय? हिला कुणी जेवू घालत न्हाई का?"

मी काट्यावर तशीच उभी होते. ड्युटीसाठी केलेल्या तपासणीत दोन वर्षांपूर्वी माझं वजन सत्तावन्न भरलं होतं. ब्लाऊज सैल झाले होते, बसस्थानकावरच्या बायका म्हणायच्या, मॅडम बारीक झालात, काय करता सांगा आम्हाला, आणि मी हसायची. सकाळी बाबांचं आटपून, ओट्यापाशी उभ्यानंच चहा पिऊन पळायची, कधी तोही नाही. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्टरांच्या नाही, मिलिंदच्या नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. मी कोण हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं ते वाचलं होतं.

मिलिंदनं ताट वाढलं. मी म्हणाले, आधी बाबांची गोळी. बाबांनी गोळीचा हात बाजूला सारला. "आधी हिला." मी त्यांच्या खुर्चीसमोर फरशीवर मांडी घालून बसले, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी. ते प्रत्येक घासाकडे बघत होते. मी एक भाकरी खाऊन थांबले तर त्यांनी मिलिंदला खूण केली, अजून एक. दुसरी भाकरी संपली, ताट पुसलं, तेव्हा ते मागं टेकले, तोंड उघडलं आणि गोळी घेतली.

आता पहिली ड्युटी असली तरी मी पावणेसहाला तवा ठेवते. गरम भाकरी ताटात घेते, फरशीवर मांडी घालून बसते आणि दोन भाकऱ्या संपेपर्यंत उठत नाही. मोबाईल वाजला तरी नाही, गाडी कुठलीही असो.